उन्हाळी सुटी आणि अभिजात साहित्याचे वाचन

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या ग्रंथसंपदेच्या बळावर हा गौरव लाभला, ती पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती कितपत पोहोचते, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला आहे. पाठ्यपुस्तकांत या ग्रंथांतील वेचे असतात. परंतु वेचा हा ग्रंथाचा परिचय होय, वाचन नव्हे. वेळापत्रकाने बांधलेल्या शाळेस संपूर्ण ग्रंथ वाचून घेण्याची सवड क्वचितच मिळते. ती सवड उन्हाळी सुटीत मिळू शकते.

सुटी सर्वांस सारखी नसते

ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, तेथील मुलांचे वाचन सुटीतही चालू राहते. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज अन्य पुस्तक नाही, तेथे ते थांबते, आणि जूनमध्ये तेच मूल अडखळत वाचू लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलांची स्थिती याहून बिकट. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय असली तरी कित्येक मुले आईवडिलांबरोबरच जातात. हंगाम संपून ती गावी परततात, तोवर शाळेला सुटी लागण्याची वेळ आलेली असते. अशा मुलांच्या दृष्टीने उन्हाळी वाचनवर्ग हा केवळ विरंगुळा नव्हे. हुकलेल्या महिन्यांची काही अंशी भरपाई करण्याची ती संधी आहे.

बेचाळीस रात्रींचा ग्रंथ

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी तिची रचना असून तीत ४२ रात्री आहेत. उन्हाळी सुटीही साधारणतः सहा आठवड्यांची असते. रोज एक रात्र वाचली, तर शाळा उघडेपर्यंत संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. ‘आपण एक पूर्ण पुस्तक वाचले’ हा आत्मविश्वास बारा वर्षांच्या मुलास पुढील ग्रंथाकडे नेतो.

ग्रंथांची निवड

आठवीच्या मुलांस यापुढील पायरीही चढता येईल. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या उठावातील झाशीचा प्रलय प्रत्यक्ष पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपणारी घटना येथे एका भयभीत भिक्षुकाच्या डोळ्यांनी दिसते. विवाहानंतर अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मुलांना हसवतात आणि अंतर्मुखही करतात. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली ग्रंथरूपाने आली. शेती आणि जाते यांच्याशी परिचित असलेल्या ग्रामीण मुलांस ती परकी वाटणार नाहीत. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’ची भाषा मात्र जुनी आहे. म्हणून त्यातील एखादी छोटी लीळा शिक्षकाने प्रथम आजच्या मराठीत सांगावी आणि मगच मूळ वाक्ये मुलांना ऐकवावीत.

वाचनाची पद्धत

आरंभ श्रवणाने व्हावा. शिक्षकाने अथवा चांगले वाचणाऱ्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एक प्रकरण मोठ्याने वाचावे; नंतर मुलांनी पाळीपाळीने त्यातील भाग वाचावेत. अडलेल्या शब्दांची यादी मुलांनी घरी न्यावी. कोशात सापडणारा अर्थ आजीआजोबांच्या तोंडून उदाहरणासह मिळतो, आणि निरक्षर वडीलधाऱ्यांनाही या उपक्रमात मानाचे स्थान लाभते. परीक्षा, गुण व निबंध यांपासून हा वर्ग दूर ठेवावा. ‘या प्रसंगी तू काय केले असतेस?’ एवढा एक प्रश्न चर्चेस पुरेसा आहे. ग्रंथातील काही चालीरीती मुलांना आज अन्यायकारक वाटतील. तसे त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवावे.

ग्रंथालय व ग्रामपंचायत

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली अनुदान मिळणारी ग्रंथालये गावोगावी आहेत आणि वर उल्लेखिलेले ग्रंथ त्यांपैकी अनेकांच्या कपाटांत आढळतील. उणीव आहे ती ग्रंथ आणि मूल यांची गाठ घालून देणाऱ्याची. ग्रामपंचायतीने सकाळच्या थंड प्रहरी सभागृह, पिण्याचे पाणी आणि बसण्यास सतरंज्या एवढी सोय करावी. ग्रंथालयाने एकाच ग्रंथाच्या चारपाच प्रती मिळवाव्यात. सेवानिवृत्त शिक्षकांनी रोजचा एक तास द्यावा. सुटीवरील शिक्षकांवर याची सक्ती नसावी, कारण नाइलाजाने वाचून दाखविलेले पुस्तक मुलांना आवडत नाही.

अभिजात दर्जाची नोंद शासनाच्या दप्तरी झाली आहे. गावातील एखादी मुलगी ग्रंथालयाच्या नोंदवहीत आपले नाव लिहून दुसरे पुस्तक मागेल, तेव्हा त्या दर्जाचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.