देशवार डीएनएस वेळ : मध्य बघायचा की मध्यक?

मोबाईलवर एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाकलं की आधी त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएस करते. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली. उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, हे लिनक्सवरची 'डिग' ही आज्ञा उत्तराच्या शेवटी छापते. वेगवेगळ्या देशांच्या सर्व्हरना प्रश्न विचारा आणि प्रत्येक ओळीत देशाचं नाव व वेळ, अशी साधी फाईल करा.

पुढचं काम 'ऑक'चं. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी ते 1977 मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार केलं. नावही तिघांच्या आद्याक्षरांवरूनच पडलं. मुलांना समजवायला टेबलावर देशांच्या नावाचे डबे मांडा. ऑक एकेक ओळ वाचतं, तिचे रकाने पाडतं आणि वेळेची चिठ्ठी त्या-त्या देशाच्या डब्यात टाकतं. शेवटी प्रत्येक डब्याची बेरीज भागिले चिठ्ठ्यांची संख्या. झाला मध्य!

पण इथेच थांबायचं नाही. समजा, 'अमेरिका' डब्यात 18, 20, 19, 22, 21, 20 आणि 860 अशा सात चिठ्ठ्या आहेत. मध्य येतो 140. चढत्या क्रमाने लावून मधली चिठ्ठी उचला, मध्यक येतो 20. गगनबावड्याच्या मुलांना हे लगेच पटतं. कोल्हापूर जिल्ह्याची सरासरी काढली, तर तो पाऊस ना गगनबावड्याचा, ना शिरोळचा!

आता गंमत बघा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन 1 मिलिसेकंदात जेमतेम 100 किमी अंतर गाठता येतं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे 12,500 किमी. तिथून उत्तर यायला किमान 125 मिलिसेकंद हवेतच. मध्य 140 पाहून मुलं म्हणतील, "बरोबर आहे सर, अमेरिकाच!" मध्यक मात्र सांगतो की उत्तर देणारं यंत्र 2,000 किमीच्या आतच आहे. खरं तर सगळ्यात लहान आकडा, 18, एवढ्यावरच हे सिद्ध होतं.

मग अमेरिका कुठे गेली? 8.8.8.8 हा पत्ता अमेरिकन कंपनीचा, पण तोच पत्ता जगात अनेक ठिकाणच्या यंत्रांना दिलेला असतो आणि प्रश्न बहुधा जवळच्या यंत्राकडे जातो. याला एनीकास्ट म्हणतात. आपण रकान्यात लिहिला तो कंपनीचा देश, यंत्राचा नव्हे.

860 ची चिठ्ठी मात्र फेकू नका हं. सर्व्हरकडे उत्तर साठवलेलं नसलं की तो इतरांना विचारत फिरतो, तेव्हा असा वेळ लागू शकतो. म्हणून फाईलमध्ये तिसरा रकाना ठेवा: नाव पहिल्यांदा विचारलं की दुसऱ्यांदा. दोन्हींचे डबे वेगळे.