तंबू कुजविणारी बुरशी आणि गवतांतील इंधन

पावसाळ्यांत सुती कपड्यावर बुरशी आली म्हणजे घरांतील मंडळी तो उन्हांत घालतात; फारच कुजला असल्यास टाकून देतात. असें नुकसान करणाऱ्या बुरशीचा मनुष्यास कांहीं उपयोग होईल, हें सहसा कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु अशाच एका बुरशीनें काडीकचऱ्यापासून इंधन करण्याचा मार्ग दाखविला आहे.

दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांतील बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू व कपडे तेथील उष्ण, दमट हवेनें भराभर कुजूं लागले. नाश थांबवावयाचा, तर नाश करणारा कोण हें प्रथम कळलें पाहिजे. म्हणून कुजक्या वस्तूंवरील बुरशीचे नमुने लष्करी प्रयोगशाळेंत जमविण्यांत आले. त्यांपैकीं बुगनव्हिल बेटावरील सुती कापडावर सांपडलेल्या नमुन्यास 'क्यूएम ६ ए' ही खूण मिळाली. एल्विन रीझ या शास्त्रज्ञानें या बुरशीवर दीर्घकाल संशोधन केलें. मेरी मँडल्स या विदुषीनें त्यांस मोलाची साथ दिली.

कापूस, लांकूड, गवत यांचा मुख्य घटक सेल्युलोज होय. द्राक्षशर्करेचे, म्हणजे ग्लुकोजचे, असंख्य कण जोडून ही लांब सांखळी बनते. भातांतील पिष्टही त्याच शर्करेचें. परंतु त्यांतील सांधा निराळा असल्यामुळें तें आपणांस पचतें आणि सेल्युलोज पचत नाहीं. बुरशीला ना दांत, ना पोट. ती विकरें नांवाचे पाचक पदार्थ अंगाबाहेर सोडते आणि अन्न बाहेरच पचवून मग शोषून घेते. हें काम एका विकराचें नव्हे, अनेकांच्या सहकार्याचें आहे, असा विचार रीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५० सालीं मांडला. आज आपणांस ठाऊक आहे कीं, एक विकर सांखळी मध्येंच तोडतें, दुसरें टोंकाकडून दोन दोन कणांच्या जोड्या काढतें, आणि तिसरें त्या जोड्या फोडून शर्करा मोकळी करतें.

१९७३ सालीं खनिज तेलाचे भाव एकदम भडकले, तेव्हां या ज्ञानाचें मोल वाढलें. जी विकरें थोपवावयाचीं होतीं, तींच आतां भरपूर मिळवावयाचीं झालीं. वर्तमानपत्रांच्या रद्दीपासूनही शर्करा काढण्यांत आली. अशी शर्करा यीस्टनें आंबविली कीं मद्यार्क तयार होतो. हिशेबानें १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो. उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपानें निघून जातात. १९७७ सालीं रीझ यांच्या गौरवार्थ या बुरशीस 'ट्रायकोडर्मा रीझी' हें नांव देण्यांत आलें.

धान्यापासूनही मद्यार्क होतो. परंतु मग गाडीची भूक माणसाच्या ताटाशीं स्पर्धा करते. काडीपासून केलेल्या इंधनांत ही अडचण नाहीं. २०२२ सालीं हरियाणांतील पानिपत येथें भाताच्या पेंढ्यापासून मद्यार्क करण्याचा कारखाना सुरू झाला. त्याचें तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचें आहे. आपल्याकडील पऱ्हाटी व उसाचें पाचट यांतही हेंच सेल्युलोज आहे.

तथापि मार्ग निर्वेध नाहीं. वनस्पतींतील लिग्निन नांवाचा चिवट पदार्थ सेल्युलोजला घट्ट वेढून असतो. तो आधीं सैल करावा लागतो, आणि विकरांचा खर्चही थोडा नसतो. शिवाय सर्वच काडी टाकाऊ नव्हे. कडब्यावर गुरें जगतात, आणि शेतांत कुजलेलें पाचट जमिनीचा कस राखतें. इंधनासाठीं किती न्यावें व गुराढोरांसाठीं आणि मातीसाठीं किती ठेवावें, हा हिशेब प्रयोगशाळेइतकाच शेताच्या बांधावरही सोडवावा लागेल. तुमच्यांपैकीं पुष्कळजण शेतकऱ्यांचीं मुलें आहेत. विज्ञान शिकतांना हा हिशेब हातीं घेण्याचा अधिकार तुमच्याइतका दुसऱ्या कोणाचा?