धाडस आणि सावधपणा
नवी शिफारस न स्वीकारणारा शेतकरी आळशी असतो, असे ग्रामकार्यकर्त्यांनी समजू नये. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा भोवतालचे जिराईत शेतकरी बहुधा अवर्षणातच पाणी घेत. ज्वारी-बाजरीवर घर चाले. पाणीपट्टीचा बोजा त्यांना नको वाटे. सासवडच्या माळी बागाईतदारांना मात्र विहिरीवरील ऊस व गुऱ्हाळ परिचयाचे होते. त्यांनी कालव्याखालील जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला आणि 1932 साली माळीनगरचा साखर कारखाना स्थापन केला. पाणी दोघांनाही उपलब्ध होते. फरक परंपरेचा व पूर्वानुभवाचा होता. म्हणून शेतकरी बंधूंनी प्रथम घरच्या धान्याचे क्षेत्र राखावे, चार-पाच गुंठ्यांत नवे पीक करून पाहावे व अनुभव आल्यावरच क्षेत्र वाढवावे.