न दिसणाऱ्या अणूचं वजन

प्रश्न : डाल्टनच्या काळी अणू दाखवणारं कुठलंच यंत्र नव्हतं. मग अणूंचं वजन त्यानं काढलं कसं? की आपल्या कणादांचीच कल्पना उचलली? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसरी शंका आधी निकालात काढू. कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणू आहेत, पण ते तर्कातून आलेले. तिथं तराजू नाही, आणि डाल्टनचं सगळं काम तराजूच्या आकड्यांवर उभं आहे. तेव्हा चोरीचा आरोप मागे घ्यायला हरकत नाही!

आता मूळ प्रश्न. समजा, तुमच्या सोलापूरच्या चाटी गल्लीत शिवून बंद केलेले गठ्ठे पडलेत. उघडायचे नाहीत, फक्त तोलायचे. एक भरला दोन किलो, दुसरा चार, तिसरा सहा. तीन-साडेतीनचा एकही नाही. तुम्ही लगेच म्हणाल, आत सुटा कापूस नाही, सारख्या वजनाच्या अख्ख्या चादरी आहेत.

रसायनांचंही असंच दिसलं. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो (बंद खोलीतली शेगडी जीव घेते ती याच वायूमुळे), भरपूर हवेत कार्बन डायऑक्साइड. पहिल्यात १२ ग्रॅम कार्बनला १६ ग्रॅम ऑक्सिजन, दुसऱ्यात बरोबर दुप्पट, ३२. म्हणजे ऑक्सिजन जोडला जातो तो अख्ख्या नगांनी. हे नग म्हणजे अणू.

मात्र एका अणूचं वजन ग्रॅममध्ये किती, हे डाल्टनला ठाऊक नव्हतं. हायड्रोजनला १ धरून बाकीचे त्याच्या किती पट जड, एवढंच त्यानं काढलं. पहिली यादी १८०३ची. १८०८मध्ये ग्रंथ निघाला.

अणू फुटत नाही, हेही तो म्हणाला होता. १८९७मध्ये इलेक्ट्रॉन सापडला आणि ते मागे पडलं. पण रासायनिक क्रियेत अणू अख्खाच राहतो, म्हणून पाठ्यपुस्तकात डाल्टन टिकून आहे.

त्याची खरी अडचण वेगळीच होती : गठ्ठ्यात नग किती, हे तराजू सांगत नाही. पाण्यात १ भार हायड्रोजनला ८ भार ऑक्सिजन असतो. डाल्टननं दोन्हींचा एकेक अणू धरला आणि ऑक्सिजन निम्म्यानं हलका ठरवला. त्यातही मापं ढोबळ, म्हणून आकडा आला ७. तापमान आणि दाब सारखे असतील तर समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते, असं अव्होगाड्रो या शास्त्रज्ञानं १८११मध्ये सुचवलं. पाणी होताना ऑक्सिजनच्या दुप्पट आकारमानाचा हायड्रोजन लागतो, तेव्हा त्यावरून पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू निघतात. पण त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८६०मध्ये कार्ल्सरूह इथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कानित्सारोनं तोच मुद्दा पुन्हा लावून धरला, तेव्हा कुठे ऑक्सिजन १६वर स्थिरावू लागला.