फोटो उघडत नाही? आधी शेपूट बघा!



शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली की एक अडचण हमखास येते. पालक मुलाचा फोटो किंवा दाखला मोबाईलवरून पाठवतात, पण शाळेच्या कॉम्प्युटरवर तो उघडतच नाही. आपल्याला वाटतं, फाईल खराब झाली. बहुतेक वेळा फाईल चांगलीच असते, फक्त तिचा प्रकार वेगळा असतो.

प्रकार कसा ओळखायचा?
फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरं असतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. ती दिसत नसतील तर विंडोज १० मध्ये फोल्डर उघडून वर 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज ११ मध्ये हेच 'व्ह्यू'मधल्या 'शो'मध्ये मिळेल.

नेहमी भेटणारे प्रकार

१) एचईआयसी – आयफोनचे फोटो. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन याच प्रकारात फोटो साठवतो, कारण जेपीजीपेक्षा जागा बरीच कमी लागते. विंडोजमध्ये यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून जादा एक्स्टेन्शन टाकावं लागू शकतं.

२) वेबपी – गूगलने २०१० साली आणलेला प्रकार. इंटरनेटवरून चित्र सेव्ह केलं की बऱ्याचदा हाच मिळतो. फाईल माऊसने ओढून क्रोममध्ये सोडा, लगेच दिसेल.

३) एसव्हीजी – नकाशे, आकृत्या, लोगो. हाही ब्राउझरमध्ये उघडतो. कितीही मोठा केला तरी फाटत नाही, म्हणून तक्त्यांसाठी उत्तम.

४) टिफ – स्कॅन केलेली कागदपत्रं. साध्या पेंटमध्ये उघडतो.

५) पीएसडी – फोटोशॉपची फाईल. फोटोशॉप नसेल तर 'गिंप' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. गिंपची २.१० आवृत्ती एचईआयसी आणि वेबपीसुद्धा उघडते. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरमध्ये बरीच कामं होतात.

जेपीजी कसं करायचं?
गिंपमध्ये चित्र उघडा. 'फाईल' मेनूतून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' निवडा. नावाच्या शेवटी .जेपीजी इंग्रजीत लिहा आणि एक्स्पोर्ट करा. टिफ असेल तर पेंटमध्येच 'सेव्ह अ‍ॅज' करून जेपीईजी निवडलं तरी चालतं.

लक्षात ठेवा, नुसतं रिनेम करून शेवटची अक्षरं बदलली तर प्रकार बदलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली साखर मीठ होत नाही, तसंच हे!

दोन गोष्टी जपा
पहिली: फोटो बदलून देणाऱ्या मोफत वेबसाईट पुष्कळ आहेत. निसर्गचित्र असेल तर ठीक. पण मुलांचे फोटो, आधार कार्ड, जातीचा दाखला तिथे चढवू नका. ती फाईल आपल्या हातातून जाते आणि पुढे कुठे राहते ते आपल्याला कळत नाही. हे काम आपल्याच कॉम्प्युटरवर करा.

दुसरी: नाव 'फोटो.जेपीजी.ईएक्सई' असं दिसलं तर उघडू नका. तो फोटो नसून प्रोग्रॅम आहे, त्यात व्हायरस असू शकतो.

आयफोन वापरणाऱ्या पालकांसाठी: सेटिंग्ज → कॅमेरा → फॉरमॅट्स → 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. त्यानंतर काढलेले फोटो जेपीजीमध्येच येतील. जुने मात्र आहेत तसेच राहतात.

ही माहिती वर्गाच्या पालक ग्रुपवर फॉर्म सुरू होण्याआधीच टाकून ठेवा. एका फोटोपायी कुणाचाही अर्ज राहायला नको.