घरची स्वच्छता आणि ब्लीचची बाटली



नवरात्र झाले की आपल्या इंदूरच्या घराघरांतून दिवाळीची साफसफाई सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, जाळी-जळमटे निघतात, न्हाणीघराच्या फरश्या घासल्या जातात. आपले शहर स्वच्छतेसाठी देशभर नावाजलेले असल्याने आपल्या घराकडूनही तशीच अपेक्षा असते. या सफाईच्या सामानात ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल या दोन बाटल्या हल्ली सर्वत्र दिसतात. त्यांच्याविषयी थोडे शास्त्र आणि थोडा व्यवहार या पाठात पाहू.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकसभेत सातवीच्या एका विद्यार्थिनीच्या आईंनी सांगितलेली गोष्ट आमच्या मनात राहिली. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी संडास लवकर उजळावा म्हणून आधी आम्ल टाकले आणि त्यावरच ब्लीच ओतले. दार लोटलेले होते, खिडकी बंद होती. मिनिटाभरात डोळ्यांना धारा लागल्या, खोकला थांबेना. घरच्यांनी त्यांना तातडीने बाहेर मोकळ्या हवेत आणले आणि दवाखान्यात नेले, म्हणून बरे झाले. बाईंनी काहीही चुकीचे ऐकले नव्हते. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. दोन्ही बाटल्यांवर सूचना होत्या, पण बारीक इंग्रजी अक्षरांत.

ब्लीच म्हणजे काय?

दहावीच्या विज्ञानात 'आम्ल, आम्लारी आणि क्षार' या धड्यात विरंजक चूर्ण येते. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो तेव्हा याच धड्याचे नाव 'अम्ल, क्षारक एवं लवण' असे होते, धडा तोच. विरंजन म्हणजे रंग घालवणे. क्लोरीन वायूचा शोध स्वीडनच्या शेले या शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये लावला. पुढे फ्रान्सच्या बर्थोले यांनी त्याचा कापड पांढरे करण्यासाठी उपयोग दाखवला आणि १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. त्याआधी युरोपात कापड पांढरे करायला ते आंबट ताकात भिजवून महिनोन्‌महिने उन्हात गवतावर पसरून ठेवत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण उन्हाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

बाटलीतले द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. ते डाग घालवते आणि जंतू मारते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणातही क्लोरीनचाच उपयोग होतो आणि त्यामुळे कॉलरा-विषमज्वरासारख्या रोगांपासून आपले रक्षण होते. म्हणून ब्लीच हा शत्रू आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ते औषधासारखे आहे. योग्य कारणासाठी, योग्य मात्रेत वापरावे. रोजच्या जेवणासारखे नव्हे.

धोका नेमका कोठे आहे?

पहिला धोका मिश्रणाचा. संडास साफ करण्याच्या अनेक द्रावणांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने लहान, बंद न्हाणीघरात तो खालीच साठून राहतो. आणि खाली वाकून घासणाऱ्या माणसाचे तोंड तेथेच असते! पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ईप्र येथे हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला होता. शिरका किंवा लिंबाचा रस ब्लीचमध्ये घातला तरी क्लोरीनच सुटतो. काही काच पुसण्याच्या द्रावणांत अमोनिया असतो. तो ब्लीचला मिळाला की क्लोरामाइन नावाचे त्रासदायक वायू तयार होतात. नियम एकच आणि सोपा: ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काहीही मिसळू नये, आणि पाणीही थंडच घ्यावे. गरम पाण्याने ब्लीच लवकर विघटित होते व वाफा वाढतात.

दुसरा धोका साठवणुकीचा. मोहल्ल्यात फेरीवाल्याकडून सुटे तेजाब किंवा फिनाइल घेऊन ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. तहानलेल्या मुलाला बाटलीचा आकार दिसतो, आत काय आहे ते दिसत नाही. तेजाबाच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. पण घरातल्या कपाटावर निर्बंध आपणच घालायचे आहेत. असे द्रव्य मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही तेथे ठेवावे.

तिसरा धोका वस्तूंचा. क्लोरीनयुक्त ब्लीच रेशीम आणि लोकर खराब करते. आईची महेश्वरी किंवा चंदेरी, आजीची पैठणी यांच्या जवळपासही ती बाटली नेऊ नये.

मग रोज काय वापरावे?

खरे तर वर्षाचे बहुतेक दिवस साबण, पाणी आणि घासणारा हात एवढे पुरेसे असते. साबण मळ आणि तेलकटपणा सुटा करतो, त्याबरोबर पुष्कळसे जंतूही वाहून जातात. मळ तसाच असेल तर ब्लीचची शक्ती मळावरच खर्च होते, म्हणजे ब्लीच वापरायचे असले तरी आधी साबणाने धुवावेच लागते. याखेरीज आपल्या स्वयंपाकघरात आणि किराणा दुकानात पुढील वस्तू सहज मिळतात.

१. खाण्याचा सोडा (दुकानदार याला 'मीठा सोडा' म्हणतात): ओल्या फडक्यावर घेऊन ओटा, सिंक, चहाचे डाग पडलेले कप घासावेत. तो सौम्य असल्याने ओरखडे कमी पडतात. फ्रिजमधला वासही वाटीभर सोडा ठेवल्याने कमी होतो.

२. धुण्याचा सोडा: हा वेगळा आणि अधिक तीव्र. तेलकट चिमणी, शेगडीखालचे थर, मळकट पायपुसणी यांसाठी गरम पाण्यात घालावा. हातमोजे घालावेत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, भांडी काळी पडतात.

३. शिरका, लिंबू, चिंच (म्हणजे सौम्य आम्ले): बोअरिंगच्या जड पाण्याने नळावर जो पांढरा थर बसतो तो क्षारांचा असतो. शिरक्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग घासून पाण्याने धुवावे. समई, तांब्या, देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने उजळतात, हे आपल्या आजीला शाळेत न जाताही ठाऊक होते.

४. रिठा: रात्री भिजवून सकाळी उकळले की फेस देणारे पाणी तयार होते. त्यातील सॅपोनिन हे नैसर्गिक साबणाचे काम करते. रेशमी कपडे आणि दागिने यांसाठी उत्तम. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये.

५. ऑक्सिजन ब्लीच: बाजारात सोडियम परकार्बोनेटची पूड मिळते. पाण्यात ती विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. सुती पांढरे कपडे, चादरी, शाळेचे सदरे कोमट-गरम पाण्यात भिजवून ठेवल्यास उजळतात आणि क्लोरीनचा वास येत नाही. रेशीम-लोकरीला हीसुद्धा चालत नाही. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर ती कधीही मिसळू नये.

६. ऊन: सर्वांत स्वस्त. गणवेशावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला, असे प्रत्येक घरी घडते. हळद ही दर्शक आहे. आम्लारीधर्मी साबणात ती लाल होते. घाबरून ब्लीच ओतण्याची गरज नाही. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळत घातले की हळदीचा रंग प्रकाशाने विरत जातो. एकदा धुऊन न गेल्यास पुन्हा तसेच करावे. गाद्या-उशांनाही अधूनमधून ऊन दाखवावे. ओल आणि कुबट वास जातो.

येथे सावध राहावे

'घरगुती' म्हणजे सर्वत्र चालणारे असे समजू नये. आपल्या माळव्यात बऱ्याच घरांत कोटा स्टोनची फरशी असते. कोटा हा चुनखडीचा दगड आहे, संगमरवरही त्याच कुळातला. त्यावर शिरका, लिंबू किंवा तेजाब पडले तर दगड झिजतो आणि चकाकी कायमची जाते. अशा फरशीला सौम्य साबणाच्या पाण्याचा पोछा हाच योग्य.

दुसरे असे की सोडा आणि शिरका एकत्र करून खूप फेस आणणारी कृती लोकप्रिय झाली आहे. पाहायला छान वाटते. पण दोघे एकमेकांना उदासीन करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे बहुतांशी सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते. धोका नाही, पण सफाईची शक्तीही दोघांची गेली. म्हणून वेगवेगळे वापरावे.

तिसरे आणि महत्त्वाचे: शिरका किंवा लिंबू हे ब्लीचसारखे भरवशाचे जंतुनाशक नाहीत. घरात कोणाला उलट्या-जुलाबाचा संसर्गजन्य आजार झाला असेल तर संडास, मोरी आणि नळाच्या मुठी यांसाठी ब्लीच वापरणेच शहाणपणाचे. येथे गणित उपयोगी पडते. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल आणि आपल्याला ०.१ टक्के द्रावण हवे असेल, तर ते ५० पट पातळ करावे लागेल. म्हणजे २० मिलिलिटर ब्लीच आणि ९८० मिलिलिटर थंड पाणी. आधी साबणाने धुवावे, मग हे द्रावण लावून दहा मिनिटे थांबावे, नंतर साध्या पाण्याने धुवावे. खिडकी उघडी, हातात मोजे. उरलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, त्याची शक्ती कमी होत जाते.

ब्लीच माणसाच्या अंगावर कधीही फवारू नये. २०२० मध्ये करोनाच्या साथीत काही ठिकाणी असे घडले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला त्या विरुद्ध सूचना काढावी लागली होती.

अपघात झाल्यास

वायूचा त्रास झाला तर आधी माणसाला मोकळ्या हवेत न्यावे. बाटली आवरत बसू नये. डोळ्यांत द्रव गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत. कोणी प्यायल्यास उलटी करवू नये. पोळलेल्या घशातून ते पुन्हा वर येते आणि इजा दुप्पट होते. १०८ वर फोन करावा आणि दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेले ते कळते.

बाटली कोणाच्या हातात असते?

या पाठातील सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. सूचना आपण वाचतो, पण बाटली बहुधा आपल्या हातात नसते. ती कामाला येणाऱ्या बाईंच्या हातात असते. त्या दिवसाला चार-पाच घरी हेच काम करतात. आपल्या घरी दहा मिनिटे असणारा वास त्यांच्या छातीत दिवसभर असतो. त्यांना हातमोजे देणे, खिडकी उघडणे आणि काय मिसळू नये हे नीट समजावून सांगणे याला खर्च जवळजवळ नाही. सफाईचे सामान आपण निवडतो, म्हणून जबाबदारीही आपलीच आहे.

विश्वस्त मंडळाकडेही आमची नम्र विनंती आहे. शाळेत रोजची फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी, ब्लीच कुलपात ठेवून नोंद करून मोजूनच द्यावे, आम्ल आणि ब्लीच एका कपाटात नसावे, सफाई करणाऱ्या मावशींना दर सत्रात नवे हातमोजे मिळावेत आणि प्रसाधनगृहांत हवा खेळती राहील अशी सोय असावी. मुलांना जे शिकवायचे ते शाळेच्या भिंतीआड आधी दिसावे, असे आम्हांस वाटते.

सुट्टीचा गृहपाठ

१. घरातील सफाईच्या सर्व बाटल्यांची मोठ्यांच्या देखत यादी करा. झाकण उघडू नका. प्रत्येकीत मुख्य रसायन कोणते, ते लेबलवरून लिहा.

२. ज्या बाटल्या एकत्र वापरू नयेत त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, चिठ्ठी चिकटवा.

३. पांढऱ्या कापडाच्या दोन तुकड्यांवर हळदीचे सारखे डाग पाडा. एक उन्हात, एक कपाटात ठेवा. तीन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून निरीक्षण लिहा.

४. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना त्या चिठ्ठ्या वाचून दाखवा आणि त्यांचे हात कशाने चुरचुरतात ते विचारा. त्यांचे उत्तर जसेच्या तसे वहीत लिहून आणा. या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण आहेत.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.

— मुख्याध्यापिका