घरावरून चक्कर मारण्याआधी

नगर जिल्ह्यातलं पोरगं पायलट व्हायला गेलं की घरच्यांची पहिली फर्माईश ठरलेली असते : एकदा आपल्या वस्तीवरून विमान ने, आम्ही गच्चीवर उभे राहतो. (जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झालाय, पण बोलायला लागलं की तोंडात नगरच येतं.) माझं माहेर नेवासा तालुक्यातलं, त्यामुळे ही फर्माईश माझ्याही वाट्याला आली. आता मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. दोन सीटच्या सेसना १५२ मध्ये विद्यार्थ्याशेजारी बसून स्टॉलचा सराव करून घेणं हे माझं नेहमीचं काम. घरच्यांची हौस आणि हा सराव यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे.

स्टॉलमध्ये इंजिनाला काहीही झालेलं नसतं. पंख हवेला ज्या कोनात भिडतो तो साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की पंखावरून सरळ वाहणारी हवा सुटते, फाटते, आणि विमानाला उचलून धरणारा जोर एकाएकी ओसरतो. वेग कमी असताना हे सहज घडतं म्हणून आपण ‘स्टॉलचा वेग’ असं म्हणतो, पण खरा गुन्हेगार कोन असतो, आणि तो कोन आपणच योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, मागे ओढून वाढवलेला असतो. तेव्हा उपायही एकच : ओढलेलं सोडायचं, योक पुढे द्यायचा. सांगायला एक ओळ पुरते. करताना मात्र अंगातली प्रत्येक नस उलटं सांगत असते, कारण विमान खाली चाललेलं असतं आणि खाली जाणाऱ्या विमानाचं नाक आणखी खाली करायला मन धजत नाही.

सरावाला निघण्याआधी पहिला प्रश्न उंचीचा, आणि आमच्याकडे तो जरा फसवा आहे. आल्टिमीटर सांगतो ती उंची समुद्रसपाटीपासूनची. श्रीगोंदा, कर्जत, नगर हा सगळा मुलूखच मुळात दोन हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे काटा ४,००० दाखवत असेल तर पायाखाली खरे दोन हजारच. अकोले तालुक्याकडे गेलात तर हिशोब आणखी बिघडतो : कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तिथे ‘पाच हजारावर आहे मी’ म्हणणारा डोंगराच्या पोटात असतो. साध्या स्टॉलमधून जमिनीच्या वर किमान १,५०० फुटांवर बाहेर पडलेलं असावं, असा अमेरिकेतल्या परीक्षेचा निकष आहे. मला तो अपुरा वाटतो. कर्जतवर मी काटा ६,००० ला आल्याशिवाय सुरुवात करू देत नाही.

मग ‘हॅसेल’ची उजळणी. उंची, फ्लॅप, कसलेले पट्टे आणि सुटं सामान, इंजिन, खालची जागा, आजूबाजूचं आकाश. विद्यार्थी ती पाढ्यासारखी म्हणतात. मी मध्येच थांबवून विचारते, खाली काय आहे? सिद्धटेकजवळ भीमेचं वळण दिसतंय, मोकळी शेतं आहेत, ठीक. नगरजवळ लष्कराची के. के. रेंज आहे, तिकडे फिरकायचं नाही. उत्तरेला काकडीचा शिर्डी विमानतळ. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून तिथे प्रवासी विमानं येतात-जातात. आणि आकाशात फक्त विमानं शोधू नका. उन्हाळ्यात रानातून वावटळ उठलेली दिसली की तिच्या वर घारी घिरट्या घालत असतात, हे इथल्या पोरांना माहीत असतं, फक्त कॉकपिटमध्ये बसल्यावर आठवत नाही.

सेसना १५२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक असतं. स्टॉल जवळ आला की त्या भोकाशी हवेचा दाब कमी होतो, आतून हवा ओढली जाते आणि एक पातळ पट्टी थरथरून वाजते. जत्रेतली पिपाणी आणि ही घंटी यांचं शास्त्र एकच. स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधी ती कण्हायला लागते आणि कोन वाढेल तसा तिचा सूर चढत जातो. उड्डाणाआधीच्या तपासणीत भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची. आवाज आला तर घंटी ठीक. नव्या मुलांना हे करताना लाज वाटते. मी प्रत्येकाकडून करून घेते, कारण ज्याने तो आवाज स्वतःच्या श्वासाने काढला त्याला तो वर बरोबर ऐकू येतो. इंजिन घरघरत असताना, डोळे भलतीकडे असताना, कान तेवढा मोकळा असतो.

आता प्रसंग सांगते. पावसाळा नुकताच सरला होता, हवा धुतल्यासारखी. विद्यार्थी हुशार, पुस्तक पाठ, सोलो झालेला. इंजिन कमी करून उतरतानाचे स्टॉल त्याने नीट केले. मग चढतानाचा, म्हणजे इंजिनाच्या जोरावरचा स्टॉल घेतला. यात नाक खूप वर असतं, समोर नुसतं निळं दिसतं, आणि प्रोपेलरच्या फिरण्यामुळे विमान सारखं डावीकडे वळू पाहतं. ते धरून ठेवायला उजवा रडर (पायाने चालवायची शेपटीची उभी पाती) लागतो, वेग उतरेल तसा जास्तच लागतो. याचा पाय सैल होता. विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणाऱ्या नळीतली गोळी पार उजव्या टोकाला गेली होती. मी “गोळी बघ” म्हणाले, त्याने मान हलवली, पाय हलला नाही. घंटी किंचाळली, विमान थरथरलं आणि डावा पंख धाडकन खाली गेला.

त्याने जे केलं ते जमिनीवर बसलेला कुणीही करेल : डावीकडे कललोय, मग योक उजवीकडे फिरवा. रोजच्या उड्डाणात हेच बरोबर असतं. स्टॉलमध्ये नेमकं घातक. योक उजवीकडे गेला की डाव्या पंखावरचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली येतं, त्या पंखाचा कोन आणखी वाढतो, आधीच स्टॉल झालेला पंख आणखी खोल जातो आणि वर त्याचा ओढा वाढून नाकही तिकडेच खेचलं जातं. क्षितिज गायब झालं. समोरच्या काचेत उसाचे फड आणि कालव्याची रेघ गरगरायला लागली. “आय हॅव कंट्रोल,” मी म्हणाले. थ्रॉटल पूर्ण मागे, एलेरॉन मध्यावर, उजवा रडर शेवटापर्यंत, योक ठामपणे पुढे. फिरकी थांबली, रडर सोडला, मग सूर मारलेलं नाक सावकाश वर. इथेही घाई चालत नाही; हिसका दिला तर लगेच दुसरा स्टॉल. विमान सरळ झालं तेव्हा काट्यावरचे हजारेक फूट संपले होते. पाऊण फेरी झाली असेल, जास्त नाही.

सेसनाचं मॅन्युअलही तेच सांगतं : एका फेरीच्या स्पिनला, म्हणजे अशा फिरकीला, आणि त्यातून सावरायला निदान हजार फूट हाताशी धरा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पोरगं काही बोलेना. मी त्याला विमान परत दिलं आणि दहा मिनिटं नुसतं सरळ उडवायला लावलं. उतरल्यावर म्हणाला, “मॅडम, पाय बधिर झाला होता.” पाय बधिर नव्हता, त्याने तोवर रडर कधी मनापासून वापरलाच नव्हता, कारण सेसना एरवी त्याशिवायही भागवून घेते. म्हणून माझं पहिलं सांगणं : स्टॉलच्या धड्याआधी हळू वेगातलं उड्डाण भरपूर करा. घंटी कण्हत ठेवून, उंची राखून, डावी-उजवी वळणं. ते कंटाळवाणं असतं आणि लॉगबुकात फार भाव खात नाही, पण पाय तिथेच तयार होतात. दुसरं, पंख पडला तर आधी योक पुढे, त्याच वेळी गोळी मध्यावर आणणारा रडर, आणि विमान पुन्हा उडायला लागल्यावरच एलेरॉन. आणि तिसरं, परवानगी असलेल्या विमानात, जाणत्या इन्स्ट्रक्टरबरोबर, भरपूर उंचीवर एकदा तरी पूर्ण स्पिन बघून घ्या. यावर आमच्या धंद्यात मतभेद आहेत. माझं मत मी सांगितलं.

ओढण्याची ही खोड शिकाऊ वैमानिकांपुरती असती तर बरं झालं असतं. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. स्टॉलचा इशारा म्हणून योक हातात थरथरत असताना कॅप्टनने तो मागे ओढला. विमानातली ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसं गेली. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचं फ्लाइट ४४७ अटलांटिकवर ३८ हजार फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रात आलं, २२८ माणसांसह. तेही बहुतेक सारा वेळ नाक वर धरलेल्या अवस्थेत. एवढी उंची असूनही. त्या काळी सरावात ‘उंची कमीत कमी गमवा’ यावर भर असे. त्या नादात लोक आधी थ्रॉटल लावायचे आणि नाक धरून ठेवायचे. २०१२ पासून अमेरिकी विमान प्रशासनाने स्वच्छ सांगितलं की आधी कोन कमी करा, उंची गेली तर जाऊ द्या. तरी अजून काही इन्स्ट्रक्टर ‘फक्त शंभर फूट गेले, शाब्बास’ म्हणतात, तेव्हा मला चीड येते.

आता गच्चीवरच्या मंडळींकडे येऊ. अलास्कात शिकारी आणि हौशी वैमानिक सांबराहून बऱ्याच मोठ्या मूस या प्राण्याभोवती खाली घिरट्या घालतात आणि त्यात पडतात. तिथे या प्रकाराला ‘मूस स्टॉल’ असंच नाव आहे. आपल्याकडे मूस नाही, घर आहे. आई अंगणात ओढणी हलवतेय, म्हणून नजर बाहेर. वारा पश्चिमेचा, विमान पूर्वेला ढकललं जातंय, घर पंखाखालून निसटतंय, म्हणून वळण आणखी आवळलं. ४५ अंश कललात की स्टॉलचा वेग एकोणीस टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना एकेचाळीस टक्क्यांनी. सरळ उडताना चाळीस नॉटला होणारा स्टॉल तिथे ढोबळमानाने छप्पन-सत्तावन्नला होतो. त्यात मे महिन्याची दुपार, पारा ४० वर. अशा हवेत नगरच्या जमिनीवर उभं असलेलं विमानसुद्धा साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. ११० अश्वशक्तीचं इंजिन तेवढी शक्ती देतच नाही. ओसाड रानावर ५०० फुटांपर्यंत खाली यायला नियमाची मुभा आहे, गावठाणावर हजार फूट राखावे लागतात. आणि सावरायला लागणारा तो मघाचा आकडा? हजारच.

म्हणून मी एक सराव स्वतःच बसवलाय. उंचीवर गेल्यावर खालचं एखादं शेततळं निवडायचं. आमच्या जिल्ह्यात ती जागोजाग आहेत आणि निळ्या प्लॅस्टिकमुळे वरून चटकन दिसतात. ‘हे तुझं घर,’ मी सांगते, ‘डोळे न हलवता याच्याभोवती फिर.’ मी फक्त वेगाच्या काट्याकडे बघत बसते. ऐंशीवरून सत्तर, पासष्ट. कलणं तीसवरून चाळीस, पन्नास. विद्यार्थ्याला पत्ताच नसतो. पिपाणी वाजली की बहुतेक जण दचकून आत बघतात. ज्यांना ती ऐकूच येत नाही, त्यांचा सोलो मी पुढे ढकलते.

हाच सापळा धावपट्टीजवळही लावलेला असतो. शेवटच्या वळणावर धावपट्टीची रेघ ओलांडली गेली, जास्त कलायची भीती वाटते, म्हणून आतल्या रडरने नाक ओढून घेतलं, नाक पडलं, योक मागे. आतला पंख आधी सुटतो. तेव्हा जमीन जेमतेम ५०० फूट खाली असते. रेघ ओलांडली तर ओलांडू द्या, थ्रॉटल पुढे करा, वर जा, पुन्हा या. टॉवरवाले हसत नाहीत, आणि हसले तर हसले.

शेवटचं लायसन्स मिळालेल्यांसाठी. १५२ वरून चार सीटच्या १७२ वर आलात की मागे पाहुणे बसवायची हौस होते. मागची सीट भरली की तोल मागे सरकतो, योक दोन बोटांत उचलतो इतका हलका लागतो, आणि स्टॉल झालाच तर नाक खाली आणणं जड जातं. १७२ च्या मॅन्युअलमध्ये स्पिनला परवानगी आहे ती मागच्या सीटा आणि सामानाची जागा रिकामी असतानाच. तेव्हा वजन-तोलाचा तक्ता खरोखर भरा, मामांचं वजन अंदाजे लिहू नका, आणि पाहुणे असताना कुणी कितीही आग्रह केला तरी ‘करून दाखव’ला नाही म्हणा. पुढच्या सीटवर बसणाऱ्याला जमिनीवरच सांगून ठेवा, की पोटात गोळा आला तरी हाताला जे पहिलं लागेल ते घट्ट धरायचं नाही. सेसनात ते बहुधा योकच असतं.